आधी पूल बांधा, मग विचारा

मृग लागायच्या आत साकव, म्हणजे नाल्यावरचा ओंडक्यांचा तात्पुरता पूल, झाला पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात हे काम दर वर्षी मेच्या अखेरीला निघतं. घरटी एक माणूस, कोयता, कुऱ्हाड आणि फडक्यात बांधलेली दुपारची भाकरी. नाल्याच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दणकट झाडं आहेत अशी जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेली असते. गेल्या वर्षीचे कुजलेले ओंडके आधी काढून बाजूला ओढायचे, नाहीतर पुरात तेच वाहत येऊन नव्या साकवाला धडकतात. मग लांब सरळ बल्ल्या काठावरून काठावर टाकायच्या, त्यांवर चिव्याच्या काठ्या आडव्या अंथरायच्या आणि हाताला धरायला दोन्ही अंगांनी कळकाचा, म्हणजे जाड बांबूचा, कठडा बांधायचा. पूर्वी सगळं रानवेलींनी आवळत. आता लोखंडी तार आली आहे, पण जाणती माणसं मोक्याच्या गाठी अजून वेलीच्याच मारायला लावतात. तार आतून गंजते आणि न सांगता तुटते. वेल तुटायच्या आधी कुरकुरते, असं माझा मामा सांगतो. सगळं झालं की गावातला एखादा वयस्क माणूस साकवाच्या मधोमध जाऊन पाय आपटून बघतो. नारळ फुटतो. चार महिने गावाचा जगाशी जो काही संबंध राहायचा, तो त्या दोन-अडीच फूट रुंदीच्या वाटेवरून.

माझं आजोळ भीमगड अभयारण्याच्या आत आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांचे वनहक्काचे दावे अजून सरकारदरबारी पडून आहेत आणि माझ्या लिहिण्यामुळे कुणाच्या कागदाला पाय फुटू नयेत. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी, हेम्माडगा ही नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना ते गाव कसं असेल हे सांगावं लागणार नाही. ज्यांना माहीत नाहीत त्यांनी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना जांबोटी मागे टाकल्यावर डाव्या हाताला बघावं. रस्त्यावरून फक्त झाडं दिसतात. त्या झाडांच्या आत माणसं राहतात, मराठी बोलतात, भात आणि नाचणा पिकवतात आणि मतदानाला येतात.

डिसेंबर २०११ मध्ये कर्नाटक सरकारने या जंगलाचा सुमारे १९० चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला. गावं त्याच्या कितीतरी आधीची. भीमगडाचा किल्ला शिवकाळातला, आणि किल्ला होता म्हणजे त्याला धान्य, दूध, माणसं पुरवणारी वस्तीही होती. इथल्या बारापेडे गुहांमध्ये एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. त्याची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली आणि पुढे कित्येक दशकं जगात ते फक्त याच गुहांमध्ये आहे असं मानलं जात होतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. शाळेत असताना मामाने आम्हाला त्या गुहांच्या बाजूला नेलं होतं, पण आत जाऊ दिलं नाही. त्यांची झोप मोडायची नाही, एवढंच म्हणाला. अभयारण्य हा शब्द त्या वेळी गावात कुणी ऐकलेलाही नव्हता.

पावसाबद्दल लिहायचं तर बेळगावच्या पावसाचा हिशेब तिथे चालत नाही. बेळगावात दोन दिवस सूर्य दिसला नाही तर आम्ही कुरकुरतो. तिथे जून-जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे अंगणाची पलीकडची कड दिसत नाही. दक्षिणेतल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आगुंब्याच्या बरोबरीने आमगावचं नाव घेतलं जातं. त्या पावसाची तयारी होळीपासूनच सुरू होते. लाकूडफाटा माळ्यावर चढतो. मीठ, मिरची, तेल, काडेपेट्या, सुके बांगडे यांची बेगमी होते. भिंतींना बाहेरून गवताचे आणि झावळ्यांचे कूड लागतात. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, सुकवून मडक्यात जातात. औषधाच्या गोळ्यांची एक पिशवी चुलीजवळच्या कोनाड्यात टांगलेली असते, कारण तिथेच ती कोरडी राहते. तापाच्या, पोटाच्या, दुखण्याच्या. बाळंत होणारी बाई घरात असेल तर तिला सातव्या-आठव्या महिन्यातच खानापूरला किंवा जांबोटीच्या बाजूला नातेवाइकांकडे पोचवतात. नातेवाईक नसतील तर कुणाच्या तरी ओळखीच्यांकडे. ज्या आजाराची तारीख आधी माहीत असते त्याची सोय गाव करतं. बाकीच्या आजारांची सोय होत नाही.

जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी भर पावसात, जंगलातून, बांबूला बांधून खांद्यावरून कित्येक किलोमीटर आणलं. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. वर्तमानपत्रांत आली, मंत्र्यांपर्यंत गेली. बेळगावात माझ्या ओळखीच्या लोकांनी हळहळून मला विचारलं, असं अजून होतं? मला त्यांचा राग आला नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवर काय चाललंय ते शहराला दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण ज्याला चित्रफितीत माणुसकी दिसली, त्याला त्यात किती कसब आहे ते दिसलं नसणार. म्हणून ते इथे सांगते.

दोन लांब कळक घ्यायचे, ओले, सुके मोडतात. त्यांच्यामध्ये जाड घोंगडं घट्ट बांधायचं. पातळ कांबळ नको, ते भिजलं की खाली लोंबतं. आजारी माणसाचं डोकं नेहमी चढाच्या बाजूला. वर ताडपत्री किंवा प्लास्टिक, पण तोंडावरून वारा जाईल असं. उचलणारे चार, बरोबर चालणारे आणखी आठ. खांदा बदलायचा तो न थांबता, चालता चालता, कारण एकदा खाली ठेवलं की पुन्हा उचलताना हिसका बसतो. बुटक्या माणसांनी चढावर पुढे, उतारावर मागे राहायचं. एक जण कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढे, वाटेत पडलेल्या फांद्या तोडत. एक जण बॅटरी घेऊन. निघण्याआधी पोटऱ्यांना तंबाखूचं पाणी आणि मीठ चोळतात, जळवांसाठी. तरी त्या लागतातच, आणि ज्यांच्या खांद्यावर ओझं आहे त्यांना त्या काढता येत नाहीत. त्या तशाच राहू देतात. साकवावर चौघे शेजारी शेजारी मावत नाहीत. तिथे पुढे एक आणि मागे एक असे दोघेच धरतात, कळक खांद्यावरून हातात घेतात, आणि बाकीचे काठावर उभे राहून श्वास धरतात. हे सगळं कुणी कुणाला शिकवलेलं नाही. लहानपणापासून बघत बघत येतं. ज्या गावाला हे इतकं नीट येतं, त्या गावाने ते किती वेळा केलं असेल याचा विचार करा.

माझ्या आजीला असंच आणलं होतं. रस्त्याला लागेपर्यंत ती बोलत होती. तेवढंच लिहिते.

त्या चित्रफितीनंतर सरकारी पातळीवर जी चर्चा सुरू झाली ती पुलाची नव्हती. ती स्थलांतराची होती. लोकांना जंगलात सोयी देता येत नाहीत, तेव्हा लोकांनी बाहेर यावं. कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज मांडलं गेलं आणि मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना पहिला हप्ता म्हणून प्रत्येकी १० लाखांचे धनादेश वनमंत्र्यांच्या हस्ते मिळाले. तळेवाडीच्या लोकांनी स्वतः होकार दिला होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलीही अढी नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं अंधारात, अस्वलाच्या भीतीत, आजाऱ्याला खांद्यावर घेऊन दिवस काढले, त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार बेळगावात गॅसवर चहा करणाऱ्या मला नाही.

पण एक गोष्ट मला सोडत नाही. होकार मोकळेपणाने दिला असं कधी म्हणायचं? समोर दोन वाटा असतील, दोन्ही चालण्याजोग्या असतील आणि माणसाने एक निवडली, तर तो होकार. इथे एका बाजूला १५ लाख आहेत आणि दुसऱ्या बाजूला पूल नाही, वीज नाही, डॉक्टर नाही, पाचवीनंतर शाळा नाही. दुसरी बाजू अशी ठेवायची आणि मग विचारायचं, बोला, काय हवं? मामा हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतो. "जावा म्हणालेत. कुठं जायचं ते नीट सांगिनात. आमी म्हणालो, आदी पूल बांधा. पुलावनं चार वर्सं येऊ-जाऊ दे आमास्नी. मग येऊन इचारा, ऱ्हातासा काय जातासा. तवा जे सांगू ते खरं."

मला वाटतं, यापेक्षा रास्त मागणी असू शकत नाही.

कायद्यातही ती बसते. २००६ चा वनहक्क कायदा लोक फक्त जमिनीच्या दाव्यासाठी ओळखतात, पण त्याच्या तिसऱ्या कलमात गावासाठी १३ सोयींची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, पिण्याचं पाणी, तळी, छोटे कालवे, रस्ते, समाजमंदिर वगैरे. यातल्या प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्या अटींवर ती जमीन वळती करता येते. त्यासाठी दिल्लीला जावं लागू नये म्हणूनच तर ही तरतूद झाली. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असंही आहे, की हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हलवता येणार नाही; आणि जिथे वन्यजीवांच्या अत्यंत महत्त्वाच्या अधिवासातून लोकांना हलवायचंच असेल तिथे ग्रामसभेची लेखी, माहितीपूर्ण संमती हवी आणि नव्या जागेवरच्या सोयी आधी पूर्ण हव्यात. अभयारण्य म्हटलं की १९७२ चा वन्यजीव कायदा पुढे केला जातो, फाइल वन्यजीव मंडळाच्या वाटेला लागते आणि वर्षं जातात. तीही प्रक्रिया आहे, ती करावी. पण नाल्यावर पंधरावीस मीटरचा एक पूल, ज्यावरून रुग्णवाहिका नाही तरी निदान मोटारसायकलला जोडलेली खाट जाईल, तो करायला कायदा आडवा येतो असं कुणी मला सांगितलं तर मी आता ऐकून घेत नाही.

ज्या पाण्यामुळे हे नाले ओलांडता येत नाहीत, त्या पाण्याला बाहेर मोठी किंमत आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते आणि हुबळी-धारवाडची तहान भागवते. म्हादई देगावच्या बाजूला उगम पावते, पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचा प्रकल्प म्हणजे कळसा-भंडुरा. हे शब्द गेल्या चाळीसेक वर्षांत ज्याने ऐकले नाहीत असा माणूस या भागात सापडणार नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने निवाडा दिला: गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. तीन राज्यांचे वकील वर्षानुवर्षं या पाण्यावर बोलले. दोन्ही बाजूंनी बंद झाले, मोर्चे निघाले. धारवाडच्या माणसाला प्यायला पाणी हवं हे मला मान्य आहे, आणि म्हादई आटली तर गोव्याची खाजणं, म्हणजे खाडीकाठची शेतं, खारी होतील ही भीतीही खरी आहे. मी कुठल्याही बाजूने घोषणा द्यायला इथे आलेली नाही. पण इतक्या टीएमसीत आणि इतक्या निवाड्यांत ज्या डोंगरावर हा पाऊस आधी पडतो तिथल्या माणसांचा उल्लेख कुठे आला? माझी मामी फेब्रुवारीपासून झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीने पाणी भरते. जुलैत जिचं अंगण वाहून जातं, तीच मार्चमध्ये हंडा भरायला तासभर बसते. डोंगरउतार आहे, पाणी थांबत नाही. एक टाकी आणि पाचसहाशे फूट पाइप, इतकंच काम आहे. तेही त्या १३ सोयींच्या यादीत आहे.

सरकारच्या योजना गावापर्यंत येत नाहीत असं मात्र नाही. त्या येतात आणि कुठेतरी अडतात. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली. मामीला त्याचं फार कौतुक वाटलं. पण बस जिथे मिळते तिथपर्यंत पोचायला जंगलातून दीड-दोन तास चालावं लागतं आणि परतीची बस चुकली तर तो दिवस खानापुरातच संपतो. घराला २०० युनिटपर्यंत वीज मोफत झाली, त्याच सुमारास मामाच्या घरातला सौरदिवा बंद पडला होता. चार महिने ऊन नसतं तिथे त्याच्यावर किती भिस्त ठेवायची? रेशनसाठी अंगठा लागतो आणि अंगठ्यासाठी रेंज. रेंज गावाच्या वर एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मिळते, तीही गोव्याच्या बाजूची. गावातली तरणी पोरं संध्याकाळी तिथे जाऊन बसतात. म्हातारी माणसं पेन्शन जमा झाली का ते बघायला तिथे चढतात. बेळगावात बसून हे वाचणाऱ्यांना मला सांगायचंय, की तिथल्या लोकांना आळस नाही आणि अज्ञानही नाही. कुठली योजना कुठल्या टेबलावर अडते ते त्यांना तोंडपाठ आहे.

शाळेचंही तेच. गावात सरकारी मराठी शाळा आहे, पाचवीपर्यंत. एक खोली, मोजकी पोरं. सध्याचे गुरुजी चांगले आहेत. पावसाळ्यात गावातच मुक्काम करतात, ओटीवर झोपतात, पोरांना गोष्टी सांगतात. त्यांच्या आधीच्यांबद्दल गाव काही बोलत नाही. पाचवीनंतर मुलगे खानापुरात नाहीतर बेळगावात कुणाकडे तरी राहून शिकतात. मुलींना तसं ठेवायला आई-वडील कचरतात. माझ्या मामेबहिणींपैकी धाकटी शिकली, कारण ती आमच्याकडे बेळगावात राहिली. थोरली घरी राहिली. दोघींची बुद्धी सारखी. थोरली रानातली आळंबी वासावरून ओळखते, कुठली खायची आणि कुठली सोडायची ते शंभर टक्के सांगते, आणि तिला सही येते तेवढीच.

आता जंगलाची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण मामाही टाळत नाही. रस्ता झाला की रस्त्याबरोबर काय काय येतं ते चोर्ला मार्गाच्या दोन्ही अंगांना बघितलं आहे. आधी रस्ता रुंद होतो, मग जमिनी विकल्या जातात, मग झाडांमध्ये बंगले दिसायला लागतात आणि शनिवार-रविवारी धबधब्यांखाली बाटल्यांचा खच पडतो. भीमगडचं जंगल गोव्याच्या म्हादई अभयारण्याला लागून आहे आणि दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेलं आहे. वाघाला या बाजूने त्या बाजूला जायला ही सलग पट्टी लागते. ती तोडायची असं गावात कुणीही म्हणत नाही. त्यांना चौपदरी रस्ता नको. पर्यटकांच्या गाड्या गावापर्यंत याव्यात असंही नको. नाल्यांवर पक्के पूल, चिखलाच्या टप्प्यांवर दगडी किंवा काँक्रीटच्या दोन पट्ट्या, आणि वाटेच्या तोंडाला गेट, ज्याची किल्ली वनखात्याकडे आणि गावाकडे. रात्री गेट बंद, आजारी माणूस सोडून कुणासाठी उघडायचं नाही. हे मामाने मला अंगणात काठीने रेघा ओढून दाखवलं. कुठल्या नाल्यावर पूल, कुठे नुसत्या मोऱ्या, कुठे गव्यांची वाट ओलांडते म्हणून तिथे काहीच करायचं नाही. अशी आखणी कुठल्याही सल्लागार कंपनीला जमली नसती, कारण गव्यांची वाट कंपनीला माहीत नाही. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीने २०११ सालीच सांगितलं होतं, की काय राखायचं आणि काय करायचं या दोन्हींचा निर्णय ग्रामसभांपासून वर जायला हवा. त्या अहवालाला विरोध करणाऱ्या कितीजणांनी तेवढा भाग तरी वाचला असेल कोण जाणे.

आणि माणूस दुखावला तर जंगल टिकत नाही, हे घाटाच्या पलीकडे दिसलं आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. विषबाधा झाली होती. वाघाने जनावर मारलं, त्याची भरपाई वेळेत मिळाली नाही, आणि सूड वाघावर निघाला. मी त्याचं समर्थन करत नाही, मामाही करत नाही. त्याने ती बातमी ऐकली तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. पण आमच्या बाजूलाही गवे आणि रानडुकरं पीक काढायच्या आठवड्यात अख्खी खाचरं फस्त करतात. लोक रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवतात. नुकसानीचा अर्ज करायचा तर जमिनीचा उतारा जोडावा लागतो, आणि उतारा नावावर नाही, कारण वनहक्काचा दावा पडून आहे. इतकं असूनही त्या गावात गेल्या कित्येक वर्षांत कुणी फासकी लावल्याचं मी ऐकलेलं नाही. याची नोंद कुठल्या सरकारी अहवालात होत नाही, म्हणून मी इथे करते.

घरात सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र नाही. मामेभाऊ गोव्यात एका हॉटेलात काम करतो, त्याची बायको गावात असते, दोन लहान मुलं घेऊन. तिला जायचंय. गेल्या वेळी भाकऱ्या थापता थापता ती मला म्हणाली, "आक्का, मामंजींचं बरोबर हाय. पन त्यांचं आयुष्य झालं हितं. माझ्या पोराला रातीचा ताप चढला की मी दाराकडं बगत बसतो. पूल कवा हुईल ते म्हाईत न्हाई. पोरगं आत्ता मोठं हुयालंय." तिने आवाज वाढवला नाही. मामा ओटीवर होता, त्याने ऐकलं आणि तोही काही बोलला नाही. तिच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गाव म्हणजे एकच तोंड नसतं. जायचं म्हणणाऱ्या सुनेला तिचे पैसे मिळावेत, बाहेर तिच्या मुलांना मराठी शाळा जवळ असावी, नवऱ्याच्या नावाबरोबर तिचंही नाव घराच्या कागदावर असावं. आणि राहायचं म्हणणाऱ्या सासऱ्याला पूल मिळावा. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं तोडायचं, हे का? पाचसहा घरं गेली की उरलेल्यांना "आता एवढ्या थोड्या लोकांसाठी कशाला" म्हणून शाळा बंद, अंगणवाडी बंद, असं व्हायला नको. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. गाव उठवायला पोलीस लागत नाहीत. एकेक सोय काढून घेतली तरी ते उठतं.

सध्या मामा आणि मी दाव्याची फाइल पुन्हा नीट लावतो आहोत. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे पुरावा १९३० च्या सुमाराचा हवा. त्या वेळी हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. आजोबांच्या ट्रंकेत सारा भरल्याच्या पावत्या निघाल्या, काही मोडीत, काही बाळबोधीत. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शिक्का वाचता येतो. १९५६ नंतरचे कागद कानडीत. मोडी वाचणारे बेळगावातले एक निवृत्त शिक्षक आहेत, ते पैसे न घेता वाचून देतात. त्यांचं लिप्यंतर, मग त्याचं कानडी भाषांतर, मग त्यावर शिक्का. मागच्या खेपेला फाइल परत आली तेव्हा कारण कानडीत लिहिलं होतं आणि गावात ते कुणाला वाचता आलं नाही. एका कागदावर सही राहिली होती, इतकंच. त्यात दीड वर्ष गेलं. मराठी गावाला दिलेली नोटीस मराठीतही द्यावी, ही मागणी सीमाभागात जुनी आहे आणि पुष्कळांना ती राजकारणाची वाटते. दीड वर्ष वाया गेलेल्या माणसाला तसं वाटत नाही.

पण नियमांत एक चांगली गोष्ट आहे. पुरावा फक्त कागदाचाच लागतो असं नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं चालतं. घातलेले बांध, सपाट केलेली खाचरं, जुनी विहीर, स्मशान, देवस्थान हेही चालतं. म्हणून मामा, शेजारचे दोघे आणि मी दोन दिवस गावभर फिरलो आणि एकेक गोष्ट टिपली, फोनवर तिचं ठिकाण घेतलं. ग्रामदेवतेच्या राईतले पाषाण. वापरात नसलेली, झाडाखाली गेलेली एक विहीर, जिचे चिरे मामाच्या आजोबांनी बसवले होते. खाचरांचे बांध, किती जुने ते त्यांवर वाढलेल्या झाडांच्या बुंध्यावरून कळतं. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आज्जीने बसल्या जागेवरून सात घरांच्या चार पिढ्या सांगितल्या, कोण कुठून लग्न होऊन आली त्यासकट. ते सगळं लिहून, वाचून दाखवून, त्यावर तिचा अंगठा घेतला. सुनेनेही यादीत नाव घालायला सांगितलं. "जायचं ठरलं तरी हक्क आदी नावावर होऊ दे," ती म्हणाली, आणि ते अगदी बरोबर आहे. हक्क मान्य झालेला माणूस आणि न झालेला माणूस यांना मिळणारी वागणूक सारखी नसते.

पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडायचे आहेत. एक या दाव्यांचा. दुसरा तिसऱ्या कलमाखाली पुलाचा आणि पाण्याच्या टाकीचा, मामाने काढलेला नकाशा आता कागदावर उतरवून. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर हवीत, त्यांत निदान एक तृतीयांश बायका, नाहीतर ठराव टिकत नाही. गोव्याला आणि पुण्याला कामाला गेलेली पोरं त्या दिवशी यावीत म्हणून मामेभाऊ सड्यावर बसून फोन करतो आहे. बायकांची जबाबदारी मामीने घेतली आहे. तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यातली धरली आहे, कारण त्यानंतर सगळे साकवाच्या कामाला लागतात.